भाऊंचं गिरमिट

भाऊंनी एखादी वस्तू घ्यायचं मनात आणलं की त्याची बातमी दुकानदाराच्या आधी आम्हाला लागते. रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन वाजतो. "जेवलास?" हो म्हटलं की आपण सापडलो, कारण जेवलेल्या माणसाला दुसरं काम नसतं असा भाऊंचा हिशेब आहे. नाही म्हटलं तर "मग जेवता जेवता ऐक" म्हणतात.

मिक्सरच्या वेळी हे झालं होतं, दारातला बर्फ उडवायच्या यंत्राच्या वेळी झालं होतं. गादीच्या वेळी तर कहर झाला. शोरूममधल्या अकराव्या गादीवर पडून कमरेचा अंदाज घेता घेता भाऊंना गाढ झोप लागली. चांगली चाळीस मिनिटं घोरले. वहिनी म्हणाल्या, "अहो, मग हीच घ्या की." भाऊ डोळे चोळत म्हणाले, "आधीच्या दहा गाद्यांवर उठबस करून दमलो होतो. ही चाचणी धरता येणार नाही."

भाऊ मूळचे मालवणकडचे. मिनेसोटात येऊन त्यांना २५ वर्षं झाली. एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायचं काम करतात, आणि ते काम संध्याकाळी तिथंच ठेवून घरी यायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. वाचायचा चष्मा कपाळावर, त्याच नंबरचा दुसरा खिशात, आणि काखेत दोनशे पानी फुलस्केप वही. ही वही दर खेपेला भारतातून येते. इथल्या वह्यांचा कागद शाई सोसत नाही असं त्यांचं मत आहे, म्हणजे कागदाचीही चौकशी झालेली आहे. वहीत पट्टीनं आखलेले रकाने, आणि शाया तीन. लाल म्हणजे धोका, हिरवी म्हणजे विचाराधीन, निळी म्हणजे घ्यायला हरकत नाही. निळी शाई मी फार क्वचित पाहिली आहे.

तर चार हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी शेजारचे आजोबा भाऊंना मेडिसिन लेकवर घेऊन गेले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

इकडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळ्यांचं राज्य' असं छापलेलं असतं. तो विनय आहे. दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. हिवाळ्यात ती गोठली की आपण समजतो, संपलं, आता एप्रिलपर्यंत गप्प बसा. इथल्या माणसांचा उलट उत्सव सुरू होतो. बर्फावर खोपटी उभी राहतात, खोपट्यांच्या गल्ल्या पडतात, गल्ल्यांतून पिकअप ट्रक फिरतात. माणूस बर्फाला भोक पाडतो, उलट्या बादलीवर बसतो, हातभर लांबीची काठी भोकावर धरतो आणि काहीतरी होईल याची वाट बघतो. ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर जानेवारीच्या अखेरीला धर्मादाय कामासाठी स्पर्धा भरते, तिच्यासाठी तर हजारो भोकं आधीच पाडून ठेवतात. हे सगळं लोक उणे वीस सेल्सियसला, हौसेनं, स्वतःच्या पैशानं करतात.

आजोबा नॉर्वेकडच्या घराण्यातले. तासाला साधारण आठ शब्द बोलतात. त्यांनी एक लांब, पिळाची, निळी सळई बर्फावर उभी केली, वरची मूठ डाव्या हातानं दाबली, उजव्या हातानं दांडा फिरवायला लागले. बर्फाचा कीस पिळावरून वर चढत भोवती पडत गेला, आणि मिनिटभरानं 'भळक्' करून पाणी आलं. मग पाण्यावरचा चुरा काढायला त्यांनी लांब दांड्याचा झारा घेतला. पुऱ्या तळायचा झारा असतो तो. भाऊंनी तो ओळखला आणि तिथंच त्यांना हा खेळ आपला वाटू लागला. दहा मिनिटांत आजोबांनी तळहाताएवढा ब्लूगिल वर ओढला. तो पांढऱ्या बर्फावर फडफडला. भाऊंच्या घरी २५ वर्षं सुरमई येते ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून, तुकड्या पाडलेली, कोणत्या साली पकडली ते रवळनाथाला ठाऊक. फडफडता मासा त्यांनी मालवणच्या रापणीनंतर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुसरा कोणी असता तर आजोबांचीच सळई उसनी घेऊन पुढल्या रविवारी गेला असता. भाऊंनी विचारलं, "ही चांगली की याच्यापेक्षा चांगली असते?"

आजोबांनी विचार करून सांगितलं, "मशीनचीही असते."

त्या तासाच्या त्यांच्या आठ शब्दांतले ते दोन शब्द होते. त्यांनी ते गिळले असते तर आमचे चार हिवाळे वाचले असते.

दुकानात या वस्तूला ऑगर म्हणतात. भाऊंनी पहिल्या दिवसापासून तिला गिरमिट म्हटलं. होडीच्या फळ्यांना भोकं पाडायला त्यांच्या लहानपणी सुतार जे वापरायचा ते गिरमिट, फक्त हे मांडीएवढं जाड आणि कमरेच्या वर येणारं. मला शब्द पटला. आमच्या घरी त्याचा दुसराही अर्थ होता. फोन वाजला की बायको म्हणायची, "घ्या, लागलं कानाला गिरमिट." मंडळाच्या गणपतीत मात्र घोटाळा झाला. प्रसादाच्या रांगेत भाऊ पुढच्या बेळगावकर गृहस्थांना म्हणाले, "आठ इंची गिरमिट घ्यावं म्हणतोय, तुमचा काय अनुभव?" बेळगावात गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा मसालेदार प्रकार. ते गृहस्थ म्हणाले, "आठ इंच म्हणजे प्लेट का? एका माणसाला पुष्कळ झालं की."

पहिला हिवाळा गेला तो 'चालवायचं कशावर' यात. हातानं, पेट्रोलवर, प्रोपेनवर की बॅटरीवर. हाताच्या गिरमिटात मोरा हे जुनं स्वीडिश नाव. आजोबांचं तेच होतं. "मोरा?" भाऊ खूश झाले. "भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ते?" उरणचं मोरा बंदर याच्याशी काही संबंध नाही हे कळल्यावर त्यांनी ते हिरव्या शाईत घातलं. डिसेंबरात बर्फ पाच-सहा इंच असतो तेव्हा हाताचं गिरमिट झकास चालतं, हलकं असतं, बंद पडत नाही. पण जानेवारीच्या अखेरीला बर्फ दीड-दोन फुटांवर गेला की चौथ्या भोकाला खांदा बोलायला लागतो. आणि एका भोकावर बसून भागत नाही. डेव्ह गेन्झ नावाच्या इथल्याच मिनेसोटाच्या माणसानं ४०-४५ वर्षांपूर्वी लोकांना शिकवलं की मासा आपल्याकडे येत नाही, आपण माशाकडे जायचं. भराभर भोकं पाडा, नाही लागलं तर उठा, पुढे चला. तोवर माणसं खोपट्यात शेकोटी करून पत्ते खेळत बसायची. त्याच्यामुळे गिरमिटाचं वजन आणि वेग यांना एवढी किंमत आली. भाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा मी सहज म्हणालो, "म्हणजे आधी जायला हवं." त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

पेट्रोलच्या प्रकारावर त्यांचा जीव होता. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये मापून ऑइल घालायचं, दोरी ओढून चालू करायचं. हे वाचताना भाऊंच्या डोळ्यांसमोर बजाजची स्कूटर उभी राहिली. "पेट्रोल पंपावर टूटी ऑइलचं पाकीट फोडायचो, आठवतं? सकाळी चालू झाली नाही की डाव्या अंगावर आडवी करायची, उभी करायची, किक मारायची. गिरमिटही तसंच आडवं करता येईल का?" मी म्हटलं विचारा. त्यांनी खरंच विचारलं. दुकानातला पोरगा बावीस वर्षांचा, त्यानं स्कूटर कधी आडवी केलेली नव्हती.

पण पेट्रोलवाल्याचं वजन तीस पौंडांच्या आसपास, वर धूर, म्हणजे खोपट्यात चालवायची सोय नाही. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं ते वेगळंच. प्रोपेनमध्ये ती कटकट नाही, शेगडीला लावतो तसला छोटा सिलिंडर पिळून बसवायचा. फक्त कडाक्याच्या थंडीत गॅसचा दाब मंदावतो. राहिली बॅटरी. चाळीस व्होल्टची लिथियम बॅटरी, बटण दाबलं की चालू, आवाज नाही, वास नाही, आणि उलटं फिरवायची सोय असल्यामुळे भोकातला चुरा खाली ढकलता येतो. तिचं दुखणं एकच, थंडीत तिचा दम कमी होतो. आणि गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावायची नाही, आधी घरात ऊब येऊ द्यायची. भाऊंनी तोडगा काढला की बॅटरी जॅकेटच्या आत, पोटाशी धरून न्यायची. सराव म्हणून त्यांनी आपल्या ड्रिलची बॅटरी आठवडाभर तशी वागवली. वहिनी मला म्हणाल्या, "सोहम झाला तेव्हा एकदाही पोटाशी धरला नाही हो यांनी. म्हणायचे, मान सांभाळायची माहिती पूर्ण झालेली नाही."

मार्च आला. बर्फ वितळला. बॅटरीला निळी शाई लागली.

दुसरा हिवाळा व्यासाचा. सहा इंच, आठ इंच की दहा इंच? मला वाटलं दोन फोनांचं काम आहे. सात झाले. भाऊ म्हणाले, "सहा आणि आठ, फरक दोनाचा, असं तुला वाटतं. चूक! पाय आर वर्ग!" सहा इंची भोकाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, आठ इंचीचं ५०, दहा इंचीचं ७९. म्हणजे सहाच्या जागी आठ घेतलं की प्रत्येक भोकाला पाऊणपट बर्फ जास्त कापायचा आणि बॅटरीनं तेवढा जास्त दम खर्चायचा. आठावरून दहावर गेलं की पुन्हा दीडपटीच्या वर. उलट सहातून ब्लूगिल, क्रॅपी, पर्च हे छोटे मासे आरामात येतात, पण जबड्यात शंभर दात घेऊन एखादा नॉर्दर्न पाइक लागला तर त्याचं डोकंच अडकायचं. मासा खाली, आपण वर, आणि मध्ये भोक अपुरं. या कल्पनेनं भाऊंची दोन रात्री झोप गेली. गादी जुनीच होती.

शेवटी वहिनींनी निकाल लावला. "सहा इंच म्हणजे आंबोळी, आठ इंच म्हणजे घावणं, दहा इंच म्हणजे भाकरी. एवढ्या वर्षांत भाकरीएवढ्या भोकातून काढावा असा कुठला मासा तुम्ही घरी आणलात?" भाऊ गप्प झाले. वहीत आठ आकड्याभोवती निळं वर्तुळ आलं. त्या पानाच्या कोपऱ्यात 'घावणं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

याच हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. शिकारी-मासेमारीच्या सामानाची इकडची दुकानं म्हणजे लग्नाचं कार्यालय असतं, दारातच पेंढा भरलेलं अस्वल स्वागताला उभं. गिरमिटांची भिंत होती. स्ट्राइकमास्टर, एस्किमो, आयॉन, जिफी. भाऊ भिंतीसमोर उभे राहिले आणि एका तरुण जोडप्यानं त्यांना विक्रेता समजून काहीतरी विचारलं. झालं. "एस्किमो आणि आयॉन एकाच घरातल्या, विस्कॉन्सिनच्या. जिफीही विस्कॉन्सिनचीच, पण घर वेगळं. स्ट्राइकमास्टर आता फिनलंडच्या रापालाकडे." मग पात्यांवर आले. पाती दोन तऱ्हेची. एक रंध्यासारखी, बर्फ तासत जाते, ताज्या स्वच्छ बर्फात लोण्यासारखी चालते. दुसरी छिन्नीसारखी, फोडत जाते, वेळ घेते पण गोठून बुजलेलं जुनं भोक पुन्हा उघडायला हीच बरी. "तुमचं खोपटं कायम एका जागी असणार का? नाही ना? मग रंधा." जोडपं भारावलं. त्यांच्या मागे एक आजी, मागे अजून एक गृहस्थ. खरा विक्रेताही टोपी मागे सारून ऐकत उभा राहिला. पाऊण तासात तीन गिरमिटं भाऊंच्या शब्दावर खपली. ते जोडपं तर तिथूनच थेट तळ्यावर निघालं होतं.

आम्ही एक झारा घेऊन घरी आलो. त्याला दुसरा पर्याय उपलब्ध नव्हता.

या माणसाला कंजूष म्हणायचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. पैशाचा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. वर्गणीची पावती फाडायला भाऊ सगळ्यात पुढे असतात, भारतातून कोणाचे आईवडील आले की विमानतळावर गाडी त्यांचीच जाते. त्यांना भीती वाटते ती फसलं जाण्याची. दुकानदारानं फसवलं तर चालेल एक वेळ. पण आपण घेतलेल्या वस्तूपेक्षा बरी वस्तू शेजारच्या फळीवर होती आणि आपल्याला दिसली नाही, हे त्यांना सोसत नाही. शिवाय अंदरकी बात अशी की वस्तू घरात आली की ती चौकशी संपते, आणि चौकशी संपलेले भाऊ चार दिवस अंगात कसर असल्यासारखे फिरतात.

तिसऱ्या हिवाळ्यात सगळं ठरलेलं होतं. आठ इंच, बॅटरी, रंधा-पाती. तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं की मोटर विकत घ्यायची गरजच नाही. नुसतं पिळाचं गिरमिट घ्यायचं आणि घरातल्या कॉर्डलेस ड्रिलला लावायचं, के-ड्रिल वगैरे त्यासाठीच निघालंय. वजन निम्मं, पैसे निम्मे. भाऊंनी वहीचं नवं पान उघडलं. रात्री साडेनऊला फोन आला.

हा प्रकार वाईट नाही. ड्रिल मात्र दमदार हवं, ब्रशलेस मोटरचं, आणि त्याला बाजूची मूठ असलीच पाहिजे. पातं बर्फात अडकलं की गिरमिट थांबतं आणि ड्रिल फिरतं, आपल्या मनगटासकट. दुसरं म्हणजे वर ताटलीसारखी चकती लावायची. ती नसली आणि ड्रिलचा जबडा सैल पडला तर गिरमिट सरळ तळ्याच्या तळाशी. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "खाली दुकान आहे." चार शब्दांचंही काम त्यांनी तीनात केलं होतं. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या ड्रिलचा जोर मोजायचं ठरवलं आणि तळघरात लाकडाचा ओंडका, स्प्रिंगचा काटा आणि दोरी घेऊन बसले. फेब्रुवारी संपेपर्यंत बसले. इकडे फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वॉलायचा हंगाम बंद होतो. वॉलाय हा राज्याचा अधिकृत मासा, पांढऱ्या घट्ट मांसाचा, गोड्या पाण्यातला मासा खात नाही म्हणणाऱ्या मालवणी माणसानंही मुकाट दोनदा घ्यावा असा. तो त्या वर्षीही वाचला.

मला विचाराल तर नवशिक्यानं एक हिवाळा उसन्या गिरमिटावर काढावा. शहराजवळच्या तळ्यावर वर्षातून पाच-सहा वेळा जाणाऱ्याला घरात चांगलं ड्रिल असेल तर त्याचं गिरमिट पुरे, नसेल तर आठ इंची बॅटरीचं घ्यावं आणि विषय मिटवावा. एवढंच आहे ते. पण हे मी भाऊंना कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर "असं का?" म्हणाले असते, आणि त्या दोन शब्दांना मी फार भितो.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, भाऊंनी गिरमिट घेतलं. आठ इंची, बॅटरीचं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वहीत जे निळ्या शाईत होतं तेच, फक्त नवं मॉडेल. आम्ही सगळे बघायला गेलो. बाळ बघायला जातात तसे गेलो, वहिनींनी चहाबरोबर बेसनाचे लाडू ठेवले होते. गिरमिट दिवाणखान्यात चादरीवर आडवं ठेवलेलं. पात्यांवर प्लॅस्टिकचं झाकण. भाऊंनी ते दोन बोटांनी काढलं. "हात लावायचा नाही. आणि पात्यांना बर्फाशिवाय कसलाही स्पर्श होता कामा नये. बर्फावर पडलेली वाळू लागली तरी धार गेली." खोक्यावर तसा इशारा छापलेला होता, आणि वहीत तो लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेला होता.

"मग रविवारी तळ्यावर?" मी विचारलं.

"आधी चाचणी," भाऊ म्हणाले.

कचऱ्याचा एक मोठा प्लॅस्टिकचा पिंप धुऊन त्यांनी गॅरेजसमोरच्या सिमेंटच्या वाटेवर ठेवला. त्यात चौदा इंच पाणी भरलं, कारण मेडिसिन लेकवर त्या आठवड्यात तेवढा बर्फ होता. उणे पंचविशीच्या चार रात्री गेल्या. पिंप फुगून एका बाजूनं तडकला, पण पाणी तळापर्यंत गोठलं. शनिवारी सकाळी भाऊ अंगावर पूर्ण सरंजाम चढवून आले. बुटांना खिळ्यांचे पट्टे, गळ्यात दोन टोचे अडकवलेली दोरी, म्हणजे बर्फात पडलं तर टोचे रुतवून बाहेर सरपटायला. गॅरेजच्या दारात हे त्यांना कशाला लागणार होतं ते विचारायचं धाडस कोणी केलं नाही. बॅटरी पोटातून काढून बसवली. सोहमच्या हातात स्टॉपवॉच, माझ्या हातात वही. भाऊंनी गिरमिट पिंपात उभं केलं, "श्री देव रामेश्वर" म्हणाले आणि बटण दाबलं.

चार हिवाळ्यांत मी पात्यांबद्दल जे जे ऐकलं होतं ते खरं निघालं. लोणी. बर्फाचा कीस कारंज्यासारखा उडाला. चौदा इंच बर्फ किती सेकंदांत संपला ते सोहमला कळलं नाही, कारण तो बघत बसला. भाऊंनाही कळलं नाही. तळ्यावर बर्फ संपला की खाली पाणी असतं, गिरमिट एक हिसका देऊन मोकळं फिरतं. इथं खाली पिंपाचा तळ होता, आणि तळाखाली सिमेंट.

तो आवाज मी लिहू शकत नाही. पलीकडच्या गल्लीतले कुत्रे भुंकायला लागले. आजोबा खिडकीत आले.

भाऊंनी बटण सोडलं. गिरमिट वर काढलं, आडवं धरलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पात्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "शिरा पडली." माझ्याकडून वही घेतली, लाल शाईनं काहीतरी लिहिलं आणि मिटली.

पाती सुटी मिळतात, पण जोडीनंच बदलायची असतात आणि त्याच मॉडेलची लागतात. त्यांनी मागवली. यायला वेळ होता. आजोबा संध्याकाळी आले, दारात त्यांचं निळं मोरा टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "उद्या. सात वाजता."

असे आम्ही रविवारी तळ्यावर गेलो. चार इंच स्वच्छ बर्फावर माणसानं चालायला हरकत नाही, पांढरा भुसभुशीत असेल तर दुप्पट हवा, हे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचं कोष्टक भाऊंना पाठ आहे, आणि कुठलाही बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो ही त्याखालची ओळही पाठ आहे. त्यामुळे ते पहार घेऊन दर चार पावलांवर बर्फ ठोकत चालले होते. आमच्या शेजारून एक पिकअप ट्रक गेला, त्याच्या मागे दुसरा. भाऊ ठोकत राहिले. आजोबा त्यांच्या मागे, त्यांच्या गतीनं, काही न बोलता. हे मला आवडलं.

मग भाऊंनी मोरा बर्फावर उभं केलं आणि फिरवायला लागले. मध्ये दोनदा थांबले, टोपी काढली, जॅकेटची चेन उघडली. चौदा इंच बर्फ, सहा इंच भोक. पाणी वर आलं तेव्हा त्यांच्या मिशीवर दहिवर गोठलं होतं. दोन वर्षं घरात पडलेला झारा पिशवीतून निघाला. भाऊंनी तो भोकात घातला, एकदा झटकला, पुऱ्या काढाव्यात तसा चुरा बाजूला काढला आणि गुडघ्यावर बसून आत पाहिलं. बराच वेळ पाहत होते. आत काळं पाणी होतं, आणखी काही नव्हतं.

तासाभरात त्यांना तीन ब्लूगिल लागले. तिघे मिळून एका पापलेटाएवढे भरले असतील. वहिनींनी तिरफळं घालून त्यांचं तिखलं केलं, आजोबांना एक वाटी दिली. आजोबा खाल्ल्यावर काहीच बोलले नाहीत, पण वाटी परत आणून दिली ती धुऊन, आणि आत आणखी दोन मासे ठेवून.

नवी पाती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. भाऊंनी ती बसवली, झाकण लावलं आणि गिरमिट गॅरेजमध्ये भिंतीला उभं केलं. गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला फोन आला होता. मासे साफ करायच्या सुरीचं पातं किती लवचीक असावं याबद्दल काही शंका आहेत.

गॅरेजसमोरच्या सिमेंटवर आठ इंचांची गोल खाच अजून आहे. उन्हाळ्यात वहिनींनी तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. बरोबर बसली.